हेम्पची लावण आणि हेम्पची विक्री: परवाना कुठे लागतो, कुठे मिळतच नाही

भुदरगड तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने विचारलंय: घरची सव्वादोन एकर बागायत, सगळा ऊस. एका कंपनीचा माणूस गावात येऊन गेला. एकरी पंचवीस हजार भरा, हेम्पचं बी आम्ही देतो, परवाना आमचा, मालही आम्हीच उचलणार, असं त्याचं म्हणणं. मी एका एकराचे पैसे भरलेत, बियाची पिशवी घरी आलीय. वडील नको म्हणतात. शिवाय बहिणीला कोल्हापुरात हेम्पचं बी, तेल आणि साबण विकायचं छोटं दुकान काढायचंय. आम्हा दोघांना कोणते परवाने लागतील? सोबत कंपनीने दिलेल्या कागदाचा फोटो पाठवलाय.

आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. हेम्प म्हणजे धागा आणि बियासाठी लावलेलं, नशा कमी असलेलं भांगेचंच झाड. लावण करू नका. ताईंचं दुकान होऊ शकतं, त्याची वाट ठरलेली आहे आणि ती फार अवघडही नाही. या दोन गोष्टी एकाच झाडाच्या असल्या तरी त्यांचे कायदे वेगळे आणि खातीही वेगळी. कंपनीच्या माणसाने नेमका इथेच घोळ घातलाय. हेम्पचं तेल बाजारात राजरोस मिळतं हे खरं, पण त्यावरून ‘म्हणजे लावायलाही चालतं’ असा अर्थ त्याने तुमच्या गळी उतरवला.

मी आधी शेतीची पदवी घेतली, मग वकिली. कोल्हापूरच्या कोर्टात बावीस वर्षं झाली. जमिनीच्या वादांबरोबरच अमली पदार्थांच्या कायद्याखालचे खटले आणि अन्न परवान्यांची कामं मी करतो. त्यामुळे या झाडाकडे दोन्ही बाजूंनी बघायची सवय झाली आहे.

तुम्ही पाठवलेला कागद मी मोठा करून नीट वाचला. वर दुसऱ्या राज्याच्या शासनाची मुद्रा आहे. खाली एका संस्थेचं नाव, तिथल्याच एका जिल्ह्यातलं क्षेत्र हेक्टरमध्ये आणि मुदत. ही मुदत संपलेली आहे. तुमचं नाव त्यात कुठेही नाही. तुमचा गट नंबर नाही, तालुका नाही, महाराष्ट्रातल्या कुठल्याही अधिकाऱ्याची सही नाही. मागच्या पानांवर जीएसटी नोंदणी, उद्यम नोंदणी आणि एक अन्न परवाना जोडलाय. हे तिन्ही कागद खरे असतीलही, पण त्यातल्या एकानेही झाड लावायची परवानगी मिळत नाही. जीएसटी नंबर कर भरण्यापुरता आणि अन्न परवाना खायचा माल विकण्यापुरता असतो. लावणीचा परवाना माणूस, जमीन आणि राज्य या तिन्हींना बांधलेला असतो. दुसऱ्या राज्यातल्या हेक्टराचा परवाना तुमच्या सरीत चालणार नाही.

आता कायदा. अमली पदार्थांचा केंद्राचा कायदा १९८५ चा, १४ नोव्हेंबरपासून लागू झाला. लोक त्याला एनडीपीएस म्हणतात. त्याच्या कलम ८ ने भांगेच्या कुठल्याही झाडाची लागवड सरसकट बंद केली. मग कलम १० ने राज्य सरकारांना या लागवडीला परवानगी द्यायचा आणि तिच्यावर नियंत्रण ठेवायचा अधिकार दिला, आणि कलम १४ ने सांगितलं की फक्त धागा किंवा बी मिळवण्याच्या औद्योगिक कामासाठी, किंवा उद्यानकामासाठी, शासन आदेश काढून अटींसह लागवडीला मुभा देऊ शकतं. ‘देऊ शकतं’ हे शब्द नीट वाचा. हा अधिकार शासनाचा आहे, तो आपोआप शेतकऱ्याच्या हातात येत नाही. राज्याने नियम करून, राजपत्रात प्रसिद्ध करून, अर्ज कुणाकडे करायचा ते ठरवलं की मगच कलम १४ तुमच्या उपयोगाचं. महाराष्ट्रात शेतकऱ्याने अर्ज करायचा, फी भरायची आणि लावणीचा परवाना घ्यायचा अशी वाट आज उघडलेली नाही.

बरेच जण म्हणतात, साहेब, अर्ज देऊन ठेवू, उत्तर नाही आलं तर लावू. २०२१ साली मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने नेमकं हेच केलं होतं. पिकाला भाव नाही म्हणून दोन एकरात गांजा लावायची परवानगी त्याने सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली आणि १५ सप्टेंबरपर्यंत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं समजून लावीन असं लिहिलं. अर्ज पोलिसांकडे गेला. त्या अर्जामागची कळकळ मला समजते, उसाचं बिल कसं आणि कधी येतं ते मीही घरी पाहतो. पण या कायद्यात शासनाच्या मौनाला परवानगी धरत नाहीत.

आणि शिक्षा? कलम २० मध्ये लागवड हा स्वतंत्र गुन्हा आहे. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. इथे किलोचा हिशेब नाही. गांजा जवळ बाळगला तर एक किलोपर्यंत अल्प आणि वीस किलोच्या वर व्यापारी प्रमाण असा फरक होतो, लावणीला झाड किती हे बघत नाहीत. शिवाय कलम ४७ मुळे सरपंच, पंच, गावकामगार, सगळ्यांवर अशी लागवड दिसली की ताबडतोब कळवायची कायदेशीर जबाबदारी आहे. ‘पोलीस पाटलांना सांगूनच लावतो’ म्हणाल तर त्या बिचाऱ्यांना तुमच्याविरुद्ध कळवण्यावाचून गत्यंतर नाही. जमीन ज्याची त्याच्यावरही कलम ४६ खाली तीच जबाबदारी.

एक प्रकरण सांगतो, नावगाव सोडून. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी वीस गुंठे खंडाने दिले होते. करणाऱ्याने उसाच्या मधल्या सऱ्यांत झाडं लावली. बांधावरून नुसता ऊस दिसायचा. छापा पडला तेव्हा करणारा पसार, सातबाऱ्यावर नाव म्हाताऱ्यांचं. झाडं मुळासकट उपटली, मुळांना काळी माती तशीच चिकटलेली. ती सगळी पोत्यांत दाबून खतांच्या गोण्या मोजायच्या काट्यावर चढवली आणि वजन पंचनाम्यात लिहिलं. आकडा वीस किलोच्या पुढे गेला, आणि लागवडीच्या जोडीला व्यापारी प्रमाणात गांजा बाळगल्याचा आरोप आला. आता बघा, कायद्यातली गांजाची व्याख्या फुलांच्या किंवा फळांच्या शेंड्यांपुरती आहे. शेंड्याशिवायची पानं आणि बी त्यात येत नाहीत. मुळं, खोडं, माती, ओली पानं यांचं वजन धरून ‘व्यापारी प्रमाण’ म्हणणं चूक आहे. पण हे पटवून द्यायला सुनावणी लागते आणि तोवर कलम ३७ च्या कडक अटी जामिनाच्या आड येतात. त्या गृहस्थांना खंडाची पावती, बँकेतल्या नोंदी, शेजाऱ्यांचे जबाब असं सगळं गोळा करून बाहेर काढावं लागलं. ते सुटले, पण कोर्टात यायला त्यांच्या बायकोने दोन म्हशी विकल्या. कलम ५४ खाली तुमच्या ताब्यातल्या जमिनीवर तुम्ही वाढवलेलं झाड सापडलं तर खुलासा तुम्ही द्यायचा असतो, आणि कलम ३५ खाली मनात गुन्ह्याचा हेतू नव्हता हेही तुम्हीच दाखवायचं. तुमचे वडील नको म्हणतात त्यामागे ही कलमं त्यांना ठाऊक असतील असं नाही, पण त्यांचं म्हणणं बरोबर आहे.

आता तुम्ही विचाराल, मग उत्तराखंडात कसं चालतं? चालतं ते तिथल्या सरकारने कलम १४ वापरून नियम केले म्हणून. व्यापारी हेम्प लागवडीला परवानगी देणारं ते देशातलं पहिलं राज्य, २०१८ साली. उद्देश धागा आणि बी एवढाच, आणि झाडातलं टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत. टीएचसी म्हणजे नशा आणणारा घटक. हिमाचलात २०२३ मध्ये महसूलमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, २०२४ मध्ये विधानसभेत ठराव झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने पालमपूर आणि नौणीच्या विद्यापीठांकडे आधी पथदर्शी अभ्यास सोपवला. जिथे हे झाड रानोमाळ आपोआप उगवतं त्या हिमाचलनेसुद्धा पहिल्यांदा विद्यापीठाच्या वाफ्यातून सुरुवात केली, हे लक्षात घ्या. आंतरराष्ट्रीय करारातही १९६१ पासून धागा, बी आणि उद्यानकाम यांसाठीची लागवड बंदीच्या बाहेर ठेवलेली आहे. म्हणजे महाराष्ट्राने उद्या नियम केले तर त्याला कुणाची आडकाठी नाही. मला स्वतःला वाटतं की नियम व्हावेत. पण ते विद्यापीठांच्या चाचण्यांनंतर व्हावेत, आणि शेतकऱ्याच्या नावाने थेट परवाना मिळावा. मधल्या कंपनीच्या नावाने मिळू नये.

या ०.३ टक्क्यावर थोडं थांबतो, कारण सगळा धोका तिथेच दडलेला आहे. हा आकडा कॅनडातले वनस्पतिशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्मॉल यांनी १९७६ च्या सुमाराला झाडांचं वर्गीकरण करताना आखलेली रेघ. निसर्गात अशी रेघ नाही. एकाच झाडात टीएचसी वाढत जातं, फुलोरा पिकेल तसं जास्त. झाडात ते बहुतेक टीएचसीए या आम्लरूपात असतं आणि उष्णता लागली की त्याचं टीएचसी होतं. म्हणून प्रयोगशाळा टीएचसीएला ०.८७७ ने गुणून त्यात टीएचसी मिळवतात आणि एकूण आकडा काढतात. कंपनीच्या रिपोर्टवर नुसतं टीएचसी छापलं असेल तर तो रिपोर्ट अर्धा. त्यातून हे पीक वाऱ्यावर परागीभवन होणारं. नर झाड वेगळं, मादी वेगळी, पराग काही किलोमीटर उडतो. पहिल्या वर्षी रेघेच्या आत असलेलं बी तुम्ही राखून पुढच्या वर्षी पेरलंत तर ते आत राहीलच असं नाही.

अमेरिकेत २०१८ च्या शेती कायद्याने हेम्प मोकळं केल्यानंतर केंद्राचे पक्के नियम २०२१ मध्ये लागू झाले, ते वाचण्यासारखे आहेत. प्रत्येक प्लॉटची जागा नोंदवायची. कापणीच्या आधी ३० दिवसांच्या आत अधिकृत माणसाने येऊन नमुना घ्यायचा. ०.३ च्या वर गेलं तर तो माल विकायचा नाही, तो नष्ट करायचा किंवा सुधारून पुन्हा तपासायचा. वाजवी काळजी घेऊनही वर गेलं आणि एक टक्क्याच्या आत असेल तर निष्काळजीपणाचाही दोष धरत नाहीत. पाच वर्षांत तीनदा निष्काळजीपणाची चूक झाली तर पुढची पाच वर्षं लागवड बंद. म्हणजे तिथे शेतकऱ्याचं पीक जातं, पण चुकीसाठी त्याला तुरुंगात घालत नाहीत. आपल्याकडे परवान्याशिवाय लावलेल्या झाडाला अशी कुठलीच पायरी नाही. रिपोर्टमध्ये ०.१ आलं तरी कलम ८ मध्ये ‘भांगेचं कुठलंही झाड’ असंच लिहिलेलं आहे. टक्केवारी हा तुमचा बचाव होत नाही. कंपनीच्या माणसाने ‘आपल्या बियात नशाच नाही’ म्हटलं असेल तर वाक्य खरं असूनही ते तुम्हाला वाचवणार नाही.

शेतीच्या अंगानेही एक अडचण सांगतो, ती व्हिडिओत कुणी बोलत नाही. हे दिवस लहान झाले की फुलणारं झाड. फ्रान्सच्या किंवा उत्तरेकडच्या जाती जूनमधल्या पंधरा-सोळा तासांच्या दिवसांत उंच वाढतात आणि मग फुलतात. आपल्याकडे वर्षातला सगळ्यात मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या आतच. असं बी इथे टाकलं तर ते लवकर फुलोऱ्यावर येऊन ठेंगणंच राहण्याची भीती. मग धागा कशातून काढणार? आणि धागा काढायचा म्हणजे खोड सडवायला पाणी, सोलायला यंत्र. ‘माल आम्ही उचलू’ म्हणणाऱ्याला एकच विचारा: तुमचं सोलाईचं यंत्र कुठल्या गावात बसवलंय, मला घेऊन जाऊन दाखवा.

नावांच्या घोळाबद्दलही बोललं पाहिजे, कारण त्यातून दोन्ही बाजूंनी नुकसान होतं. इंग्रजीत ‘हेम्प’ हे धाग्याच्या कितीतरी झाडांना लावलेलं नाव. आपण उसाच्या आधी हिरवळीसाठी ताग टाकतो, एकरी वीस-पंचवीस किलो, आणि पिवळी फुलं दिसायला लागली की पंचेचाळीस-पन्नास दिवसांत गाडतो. त्यालाही सन हेम्प म्हणतात. बांधावरच्या अंबाडीला डेक्कन हेम्प, घायपाताला सिसल हेम्प. यातल्या कशालाच एनडीपीएस लागत नाही, लागवडीचा परवानाही लागत नाही. अंबाडीचं शास्त्रीय नाव तर हिबिस्कस कॅनाबिनस. पान भांगेसारखं बोटांत चिरलेलं, म्हणून तसं नाव पडलं. मला एकदा शिरोळच्या बाजूच्या एका शेतकऱ्याचा रात्री अकराला फोन आला होता, बांधावरच्या अंबाडीचा फोटो कुणीतरी गावच्या ग्रुपवर ‘गांजा’ म्हणून टाकला होता. सकाळी जाऊन पाहिलं. फूल फिकट पिवळं, आत जांभळट डाग, भेंडीच्या फुलासारखं. पान चावलं तर आंबट. घरच्या बाईने त्याच झाडाची भाजी करून वाढली आणि विषय मिटला. तेव्हा ‘हेम्पच्या धाग्याला मागणी आहे’ असं कुणी सांगितलं तर आधी विचारा, कुठल्या हेम्पच्या? धाग्याचीच आवड असेल तर ताग आणि अंबाडी आजही तुम्हाला खुली आहेत.

आता ताईंचं दुकान. खायच्या मालाचं चित्र नोव्हेंबर २०२१ पासून स्पष्ट झालं. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने हेम्पचं बी, बियाचं तेल आणि बियाचं पीठ अन्न म्हणून मान्य केलं. बी उगवणक्षम असता कामा नये. टीएचसी बियात किलोला ५ मिलिग्रॅमच्या आत, तेलात किलोला १० मिलिग्रॅमच्या आत, बियापासून केलेल्या पेयात किलोला ०.२ मिलिग्रॅमच्या आत. सीबीडी हा दुसरा घटक किलोला ७५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. लेबलवर नशा येते असं सुचवणारं काहीही नको आणि झाडाच्या पानाचं चित्र नको. ते हिरवं सात बोटांचं पान दुकानाच्या पाटीवर किंवा पिशवीवर काढायचा मोह होईल, पण तो टाळाच. ताईंना लागेल ती अन्न सुरक्षेची नोंदणी किंवा परवाना, उलाढालीप्रमाणे. अर्ज ऑनलाइन, बघणारं खातं इथलं अन्न व औषध प्रशासन. सोबत महापालिकेचे आणि दुकानाचे नेहमीचे कागद. माल घेताना प्रत्येक बॅचचा प्रयोगशाळेचा रिपोर्ट घ्यायचा, बॅच नंबर बाटलीवरच्या नंबराशी ताडायचा आणि रिपोर्ट बिलाला टाचून ठेवायचा. तपासणीला अधिकारी आले तर तुमची बाजू त्या एका टाचणीवर उभी असते. सुट्टं बी गोणीतून मोजून विकू नका. पॅकबंद, लेबलसकट तेच ठेवा.

साबणाची विक्री करायला वेगळा परवाना नाही, पण बनवणाऱ्याकडे सौंदर्यप्रसाधनं बनवायचा परवाना हवा आणि त्याचा नंबर वेष्टनावर हवा. ताईंनी घरी साबण करून विकायचं ठरवलं तर तो परवाना त्यांनाच घ्यावा लागेल. हेम्पच्या धाग्याचे कपडे, पिशव्या, दोर यांना अमली पदार्थांच्या कायद्याखाली काही लागत नाही.

जपायचं ते ‘विजया’ नावाने मिळणाऱ्या आयुर्वेदिक तेल-गोळ्यांना. त्यात पानाचा अर्क असतो. औषध कायद्याच्या नियमांतल्या ई-१ या परिशिष्टात भांग विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यायची सूचना लागते. बनवणाऱ्याला आयुर्वेदिक औषध उत्पादनाचा परवाना हवा आणि माल वैद्यांच्या चिठ्ठीवरच द्यायचा. कॅन्सर बरा होतो अशा पाट्या लावल्या तर १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आडवा येतो. सुरुवातीला ताईंनी हा माल ठेवूच नये असं माझं मत. एखादी वैद्य सोबत बसणार असेल तेव्हा बघा.

आणि भांग? होळीला, महाशिवरात्रीला विचारणारे येतील. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२२ साली एका जामिनाच्या प्रकरणात भांग एनडीपीएसमध्ये येत नाही असं म्हटलं, आणि निपाणी-संकेश्वरकडून येणारे लोक तो दाखला देतात. आपल्याकडे त्याच्या जोडीला महाराष्ट्राचा १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि त्यात मादक पानंही येतात. परवान्याशिवाय विक्री म्हणजे राज्य उत्पादन शुल्क खात्याचा गुन्हा. सीमेपलीकडचा निकाल वाचून दुकानात भांगेची गोळी ठेवू नका.

राहिली घरी आलेली पिशवी आणि दिलेले पैसे. नुसतं बी कायद्याच्या भाषेत गांजा नाही, तेव्हा घाबरून रात्रीत ओढ्यात टाकायला जाऊ नका, रानात तर एक दाणाही पडू देऊ नका. पिशवी फोडली नसेल तर तशीच ठेवा, फोडली असेल तर आहे तशी बांधून तिचे आणि लेबलचे फोटो काढा. कंपनीला रजिस्टर पोस्टाने लिहा: महाराष्ट्रातल्या माझ्या गटासाठी, माझ्या नावाचा, सक्षम अधिकाऱ्याच्या सहीचा परवाना पंधरा दिवसांत द्या, नाहीतर बी परत न्या आणि पंचवीस हजार परत करा. पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट, त्या माणसाचे मेसेज, गावात वाटलेली पत्रकं, सगळं एका फाइलीत. त्याच पत्राची एक प्रत तालुका कृषी अधिकाऱ्यांना देऊन पोच घ्या. पंधरा दिवसांत काही हाललं नाही तर पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार द्या. आणि तुमच्या गावात, शेजारच्या वाडीत आणखी कुणी पैसे भरलेत का ते आजच विचारा. तो माणूस फक्त तुमच्याच दारात आला नसणार, आणि शेजारच्या कुणी बी आधीच टाकलं असेल तर त्याला उगवायच्या आत भेटणं जास्त गरजेचं आहे.